भोपळ्याला पहिली सुरी

आमच्या घरात अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही, अशी रीत होती. लाल भोपळा, ज्याला इकडे सगळे कद्दू म्हणतात, घरात आला की तो देवासमोर पाटावर ठेवायचा, देठाला हळदकुंकू लावायचं आणि घरातल्या थोरल्या मुलानं त्याला पहिली सुरी लावायची. एक चीर पडली की पुढचं सगळं आईचं. भोपळा म्हणजे घरचा थोरला, आणि आईनं थोरल्यावर सुरी चालवायची नसते, एवढंच कारण मला सांगितलेलं होतं. ही रीत आमच्या पूर्वजांबरोबर महाराष्ट्रातून आली की माळव्यात आल्यावर शेजाऱ्यांकडून लागली, हे मी पुढे बऱ्याच जणांना विचारलं. खात्रीनं कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

धारच्या आमच्या घरात थोरला म्हणजे माझा दादा, शेखर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो अगदी लहान होता तेव्हा आई त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि सुरी टेकली, साल जरा फुटली, की हात काढून घ्यायची. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. मी पाहिला तो दादा शाळकरी होता आणि या कामाचा त्याला भारी तोरा होता. पाटासमोर मांडी घालून बसायचा, भोपळ्याला हात जोडायचा आणि म्हणायचा, "माफ कर भिया, घारगे खायचे आहेत." भिया म्हणजे इकडचा भैया. आई ओरडायची, "चेष्टा करू नकोस रे, घरचा थोरला आहे तो." दादा विचारायचा, "मग मी कोण?" आणि नाना, म्हणजे आमचे वडील, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "तू त्याचा धाकटा. म्हणून तर त्याच्यात अक्कल जास्त आहे." मग सुरी टेकायची. कच्च्या सालीचा करकर आवाज, त्यानंतर आतला तो ओलसर, थोडा काकडीसारखा वास. आई उरलेलं कापायची, फोडी वाफवायची, गूळ आणि कणीक घालून मळायची, आणि तव्याशेजारच्या कढईत घारगे फुलायला लागायचे. मी एकदा, आठेक वर्षांचा असेन, मलाही कापायचंय म्हणून हट्ट धरला. दादानं लगेच सुरीची मूठ माझ्याकडे केली. आईनं ती मधेच काढून घेतली. "त्याचं नाही ते काम," ती म्हणाली. मी रडलो नाही, पण त्या दिवशी कोणाच्या ताटात किती घारगे पडले ते मी मोजलं होतं. दादाला दोन जास्त होते. त्यानं एक मला दिला तरी हिशेब बरोबर होत नव्हता.

मी बारावीत होतो त्या पावसाळ्यात दादा मित्रांबरोबर मांडूला गेला, भिजून आला आणि त्याला ताप भरला. धारच्या डॉक्टरांनी मलेरिया म्हणून औषध दिलं. मग ताप डोक्यात गेला, असं म्हणाले आणि इंदूरला न्यायला सांगितलं. नेला. परत येणारी गाडी दाराशी थांबली तेव्हा आई पुढच्या सीटवर बसलेली होती आणि तिच्या मांडीवर दादाच्या चपला होत्या. गाडीत मागे काय आहे हे मला त्या चपलांवरून कळलं. दादा बावीस वर्षांचा होता.

त्यानंतर घरात अख्खा भोपळा आला नाही. आणायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पितृपक्षात भोपळ्याची भाजी चुकत नाही, तेव्हा नाना बाजारातून कापलेली फाक घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून बाहेर गेले. फाक आली की पहिल्या सुरीचा प्रश्न येत नाही. आईनं ती चिरली. त्या दिवशी जेवताना तिघांपैकी कुणीही भाजी पुन्हा घेतली नाही.

धारच्या घरात आईला राहवेना. देवासला मामा होता, त्यानं तिथल्या एका खाजगी शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला. तिचं बी.एड. झालेलं होतं, लग्नाआधी दोन वर्षं शिकवलेलंही होतं. नानांची सरकारी नोकरी धारला, ती सोडण्यासारखी नव्हती. म्हणून आई आणि मी देवासला, टेकरीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत, आणि नाना शुक्रवारी रात्री इंदूरला बस बदलून यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. मी तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. टेकरीवरच्या देवीच्या घंटा आणि लाउडस्पीकर पहाटे सुरू व्हायचे. धारच्या घरात सकाळ दादाच्या बादली आपटण्यानं व्हायची. इथल्या घंटांचा आवाज मला कमी वाटायचा.

आईला तिसरीचा वर्ग होता. मुलं चांगली होती, असं ती म्हणायची. तिच्याकडून त्या वर्षात मी दुसरं चांगलं असं काही ऐकलं नाही. मला ती वेळेवर जेवायला वाढायची, कपडे धुवायची, परीक्षेचं विचारायची. पण माझ्याकडे बघताना तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी जायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला एक गोष्ट हवी होती, ती आज सांगायला अवघड वाटत नाही: घरात उरलेला मुलगा मी आहे, हे तिनं एकदा मोजावं.

ऑक्टोबरच्या अखेरीस शाळेत एक नवीन गोष्ट निघाली. शाळा ज्यांची होती त्यांची सून बंगलोरहून आलेली, तिला सगळे डायरेक्टर मॅडम म्हणत. तिनं इंटरनेटवरून कागद काढून प्रत्येक वर्गाला वाटले. हॅलोविन नावाचा परदेशातला सण, त्यात मुलं भुतांची सोंगं घेतात, भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात, आणि शाळा त्याचा उपयोग शिकवायला करतात. पहिलीला वटवाघळं कापून अक्षरं चिकटवायची, दुसरीला हाडं जोडून सांगाडा करायचा, तिसरीला गणित: भोपळ्याचं वजन, घेर, तो पाण्यात तरंगतो का, आत बिया किती असतील याचा अंदाज, मग कापून मोजणी. शेवटी तोंड कोरायचं. शनिवारी पालक येणार, पेपरचा फोटोग्राफर येणार. मुलांच्या हातात सुरी द्यायची नाही, भोपळा वर्गशिक्षिकेनंच कापायचा.

आई नाक मुरडेल असं मला वाटलं होतं. पण कागद वाचून ती म्हणाली, "गणित चांगलं आहे रे हे. अंदाज करायला आपण मुलांना शिकवतच नाही." कोरलेल्या भोपळ्याचं चित्र मला दाखवून म्हणाली, "आणि हा तर घडल्याच." नवरात्रात इकडच्या मुली भोकं पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि धान्य, पैसे मागतात, त्याला घडल्या म्हणतात. आईनं मॅडमना तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हाउ स्वीट," आणि पुढच्या वर्गात गेल्या.

त्या आठवड्यात आई बऱ्याच महिन्यांनी कशात तरी गुंतलेली दिसली. रिबिनीला सेंटिमीटरच्या खुणा केल्या. किराणावाल्याकडून तराजू मागून आणला आणि मला पारडी घासायला बसवलं. मुलांकडून "भूत मिला तो क्या पूछूँगा" यावर दोन-दोन ओळी लिहून घेतल्या होत्या, त्या जेवणं झाल्यावर तपासत होती आणि मधून मधून हसत होती. "हा बघ, विचारतो, तुम पास हुए थे कि फेल." मग एका कागदावर तिचा लाल पेन थांबला. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं: मैं पूछूँगा आपने खाना खाया क्या. आईनं त्यावर बरोबरची खूण केली आणि बाकीचे कागद सकाळी तपासले.

भोपळ्याचं तिनं ठरवलं होतं. शाळेचा शिपाई कैलासभिया मंडीतून आणणार, परस्पर शाळेत ठेवणार आणि पालकांसमोर पहिली चीर तोच मारणार, मग पुढे आई. मॅडमना काय कळतंय. शाळेचा भोपळा, शाळेचा माणूस. घराच्या रीतीशी त्याचा संबंध नव्हता. पण घरमालकांच्या फोनवर नानांशी बोलताना हे सगळं तिच्या तोंडून गेलं आणि शुक्रवारी रात्री नाना दारात उभे राहिले ते दोन्ही हातांनी भोपळा पोटाशी धरून. त्यांच्या ऑफिसातल्या एकाची धरमपुरीकडे शेती, तिथला. गोल, देठासकट, केशरी.

"बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो," नाना म्हणाले. "कंडक्टर म्हणतो, बाबूजी, इसका टिकट? मी म्हटलं, बच्चा है, आधा लगेगा."

वर्षभरात नानांनी केलेला तो पहिला विनोद. मी हसलो. आई हसली नाही, आणि मग नानांच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते. भोपळा ठेवायला त्यांनी इकडे तिकडे बघितलं. आईनं पाट मांडला. देठाला हळदकुंकू लावलं.

"कशाला आणलात अहो?" ती हळूच म्हणाली. "मंडीत मिळाला असता."

"फाकी विकतात मंडीत. म्हटलं, तुला चांगला अख्खा लागेल."

"आता घरात आला ना तो. आता कैलासभियाचा हात कसा चालेल?"

नाना पाय धुवायला गेले. मी पाटाजवळ बसून होतो. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, "मी कापतो उद्या. मला कॉलेज नाही."

"तू नको."

"का?"

"नको म्हटलं ना. तू तराजू धरायला ये."

नाना पंच्यानं पाय पुसत आत आले. "विनूला लावू दे की हात," ते म्हणाले. "आता त्याचंच आहे ते. रीत आहे."

"रीत मला माहीत आहे," आई म्हणाली आणि ताटं वाढायला लागली. "जेवून घ्या. वरण निवतंय."

मी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण माझ्या मनात काय होतं ते लख्ख आठवतं. आठव्या वर्षी सुरी हातातून काढून घेतली तेव्हा दादा होता, म्हणून घेतली. आता दादा नाही, तरी ती जागा मला मिळत नाही. म्हणजे ती रिकामी राहिलेली चालेल, पण माझी झालेली चालणार नाही. आई उद्या काय करणार होती ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सकाळी मी स्कूटरवर पायांत भोपळा ठेवला, मागे आई तराजू आणि बादली घेऊन बसली. नाना घरीच थांबले. वर्ग सजवलेला होता, काळ्या कागदाची वटवाघळं पंख्याला टांगली होती. चाळीसेक मुलं. बहुतेकांनी पांढऱ्या चादरी गुंडाळल्या होत्या, दोघांच्या सदऱ्यांवर कागदी हाडं होती, आणि एकजण हनुमान होऊन आला होता, कारण घरी तेवढंच सोंग तयार होतं. मागच्या भिंतीला पालक उभे, त्यांच्यात मी. दारात डायरेक्टर मॅडम आणि फोटोग्राफर.

आईनं धडा छान घेतला. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, पुढे मी बऱ्याच चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकलो, त्यांच्याशी ताडून सांगतो. भोपळा रांगेरांगेनं फिरवला, प्रत्येकानं उचलून वजन सांगायचं. मग मला पुढे बोलावून तोलायला लावला: सव्वासात किलो. रिबिनीनं घेर घेतला. बादलीत सोडला तेव्हा एवढा जड भोपळा बुडेल अशी अर्ध्या वर्गाची खात्री होती. तो तरंगला आणि हनुमान ओरडला, "मैम, ये तो तैरना जानता है!" बियांचे अंदाज फळ्यावर लिहिले. कुणी पन्नास म्हणालं, कुणी हजार. एका भुतानं चादरीतून सांगितलं, "एक लाख." आई म्हणाली, "एक लाख बीज रहेंगे तो कद्दू कहाँ रहेगा, बेटा?" पालकही हसले. मी भिंतीपाशी परत गेलो होतो आणि क्षणभर विसरलो होतो की मी रागावलेला आहे.

मग आईनं भोपळा टेबलावर ठेवला आणि पिशवीतून सुरी काढली. घरची सुरी, लाकडी मुठीची. पहिल्या बाकावर महक नावाची एक मुलगी होती, काळी ओढणी घेऊन चेटकीण झालेली. ती उभी राहिली.

"मैम, आप मत काटो."

"क्यों बेटा?"

"मेरी दादी कहती है, औरतें पूरा कद्दू नहीं काटतीं। पहले लड़का काटता है। आपके घर में लड़का नहीं है क्या?"

मागे एकदोन बायका "हाँ, ये तो है" असं पुटपुटल्या. त्या माळव्यातल्याच होत्या. त्यांच्याही घरी हीच रीत असणार.

"है ना," आई म्हणाली. "वो पीछे खड़ा है।"

सगळी भुतं मागे वळली. मग कुणीतरी सुरू केलं आणि वर्गभर गजर झाला, "भैया काटेंगे! भैया काटेंगे!" डायरेक्टर मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अरे वा, बुलाइए ना बेटे को, अच्छा फोटो आएगा." माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. मी चार पावलं चाललोही असेन. मला आठवतं, मी माझा उजवा तळवा पँटला पुसला.

आईनं सुरी खाली ठेवली नाही. "नहीं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गजर थांबला. "ये काम बड़े बेटे का होता है। ये छोटा है।"

"बड़ेवाले भैया कहाँ हैं?" महकनं विचारलं.

"वो अब नहीं है, बेटा।"

महकनं विचार केला. आईनंच तिला वजाबाकी शिकवली होती. "दो थे। दो में से एक गया तो एक बचा," ती म्हणाली. "तो मैम, जो बचा, अब वही बड़ा हो गया ना?"

आई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. खांद्यावरून मागे नाही, माझ्याकडे.

"हिसाब तेरा सही है," ती म्हणाली. "पर ये छोटा ही रहेगा। बड़ा मेरा एक बार चला गया। अब इसको मैं बड़ा नहीं बनाऊँगी।"

आणि तिनं सुरी लावली. साल जाड होती, सुरी अर्ध्यात अडकली. तिनं दुसरा हात पात्याच्या पाठीवर ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. ज्या बाईनं आयुष्यात एक रीत मोडली नव्हती, चातुर्मासात कांदा शिवला नव्हता, तिचे खांदे मी हलताना पाहिले आणि मला कळलं की ती कापते आहे म्हणजे काय करते आहे. मी तिथेच बाकांच्या मधे उभा होतो. पुढेही जाता येईना आणि मागेही. भोपळा फुटला तेव्हा तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मुलांना तो जोर लावल्याचा वाटला असेल.

"अब गिनो," ती म्हणाली. "दस-दस की ढेरी।"

फोटोग्राफरनं त्या वेळी फोटो काढला नाही. मॅडम बाहेर निघून गेल्या होत्या. मुलांनी बिया मोजल्या, आईनं फळ्यावर प्रत्येकाचा अंदाज आणि खरी संख्या यातला फरक काढून दाखवला, सगळ्यांत जवळ हनुमान आला. तोंड कैलासभियानं कोरलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिवा लावलेला भोपळा आणि चादरीतली मुलं होती. एका कडेला आईचं कोपर आलं होतं.

घरी आल्यावर नानांनी विचारलं, "कोणी लावली सुरी?"

"मी."

तिच्या तळव्याला पात्याच्या पाठीचा लाल वळ उठला होता, तो नानांनी पाहिला आणि स्वयंपाकघरातून हळद आणून तिच्या हाताला लावत बसले. लावून झाली तरी त्यांनी हात सोडला नाही. मी अंगणात जाऊन स्कूटर पुसली. ती स्वच्छच होती.

वर्षभर मी समजत होतो की आई दादाची जागा माझ्यापासून राखते आहे. ते खरंच होतं. का राखते आहे, ते मात्र मी उलटं मोजलं होतं. हे कळल्यानं मला बरं वाटलं असं नाही. तिच्या लेखी त्या जागेवर जो बसेल तो जाणार होता, आणि या भीतीत ती रोज मला कॉलेजला पाठवत होती. त्यानंतर मला उशीर होणार असला की मी घरमालकांकडे फोन करू लागलो.

नाना निवृत्त होऊन देवासला आले, काही वर्षांनी गेले. आई आमच्याबरोबर राहते. माझी चाळिशी मागेच उलटली, म्हणजे वयानं मी दादाच्या जवळजवळ दुप्पट झालो आहे, आणि आमच्या नातेवाइकांत लग्नकार्याला मला थोरला म्हणूनच पुढे बसवतात. घरी तसं नाही. मध्यंतरी माझ्या बायकोनं अख्खा भोपळा आणला. आईच्या मनगटात आता जोर नाही. बायकोनं दोन्ही हातांनी भोपळा धरला, आईनं खुर्चीत बसून सुरी टेकवली आणि ती सालीवरून दोनदा घसरली. मी हात पुढे केला.

"तू नको," आई म्हणाली. "बाजूला हो."

मी बाजूला झालो. चीर पडायला बराच वेळ लागला.